रीफ टँकमध्ये पिसासारखं हिरवं शेवाळ, नायट्रेट-फॉस्फेट दोन्ही शून्य, तरी थांबत नाहीये

ओंजळभर_समुद्र:

नमस्कार मंडळी, पहिल्यांदाच लिहितेय, जरा लांबेल पण सगळं सांगितल्याशिवाय कळायचं नाही. माझा ६० लिटरचा खाऱ्या पाण्याचा रीफ टँक (मासे आणि जिवंत कोरल म्हणजे प्रवाळ असलेला) आहे, १४ महिने झाले. दोन क्लाउनफिश, एक क्लीनर श्रिंप (कोळंबी), आणि कोरलमध्ये एक हॅमर, तीन रंगांचे झोआ, थोडे मश्रूम, मागच्या काचेवर ग्रीन स्टार पॉलिप. सम्प (खाली ठेवायची वेगळी फिल्टर-टाकी) नाही, मागे लटकवायचा फिल्टर आणि एक छोटा स्किमर (फेसातून घाण काढणारं यंत्र) एवढंच.

पाच महिन्यांपूर्वी झोआचा एक फ्रॅग (कोरलचा कापून लावलेला तुकडा) आणला, त्याच्या प्लगच्या (तुकडा चिकटवलेल्या बुडाच्या) खालच्या कडेला नखाएवढं हिरवंगार काहीतरी होतं, पिसासारखं, पाण्यात डुलायचं, मला ते छानच वाटलं म्हणून मी तसंच राहू दिलं. आता तेच सगळ्या रॉकवर पसरलंय. फिल्टरच्या तोंडाशी, वेव्हमेकरच्या (पाणी फिरवणाऱ्या पंपाच्या) जाळीत, झोआच्या मधल्या फटींतून, सगळीकडे. हॅमरच्या एका बाजूची डोकी (पॉलिप) तीन आठवडे उघडलेलीच नाहीत कारण पिसं त्याला सारखी घासतात, आणि रोज सकाळी लाइट लागला की मी आधी तिकडेच बघते, आज तरी उघडलंय का म्हणून.

काय काय केलं ते सांगते. दर रविवारी हाताने उपटते, बुधवारपर्यंत परत तेवढंच. खाणं एक दिवसाआड केलं. तीन दिवस टँकवर काळं कापड टाकलं, थोडं फिकट पडलं आणि आठवड्याभरात पुन्हा पहिल्यासारखं. फॉस्फेट काढायची लाल दाणेदार पावडर फिल्टरमध्ये टाकली. सहा टर्बो स्नेल (शेवाळ खाणाऱ्या गोगलगायी) आणले, ते काचेवरचं चाटूनपुसून साफ करतात पण ह्याच्या बाजूने वळसा घालून जातात. आणि मुख्य म्हणजे टेस्ट केली की नायट्रेट ० आणि फॉस्फेट ०, प्रत्येक वेळी. मग हे वाढतंय कशावर? अजून खाणं कमी करू का? की सगळे रॉक काढून ब्लीच करून नव्याने सुरुवात करू? खरं सांगते, तसं करायची अजिबात इच्छा नाही, हॅमर मी दोन डोक्यांचा आणला होता, आता सात आहेत.

प्रवाळवेडा:

ताई, रॉकला हात लावू नका. आणि खाणं तर अजिबात कमी करू नका, उलट रोजचं परत सुरू करा.

शून्याचं आधी बोलू कारण इथेच बहुतेक जण फसतात. टेस्ट किट पाण्यात ह्या क्षणी जे शिल्लक आहे तेवढंच दाखवतं. टँकमध्ये दिवसभरात किती तयार झालं आणि किती कुणी ओढून घेतलं हे त्याला कळत नाही. तुमच्याकडे माशांची शी, उरलेलं खाणं, रॉकमधून झिरपणारं फॉस्फेट हे सगळं येतंय आणि पाण्यात उतरतंय न उतरतंय तोच ते शेवाळ ते उचलतंय. म्हणजे तुमचं नायट्रेट-फॉस्फेट शून्य नाहीये, ते हिरव्या रंगात रॉकवर बसलंय. तुम्ही रविवारी मूठभर उपटता ना, ती मूठ म्हणजेच तुमचं नायट्रेट.

आणि रंगाच्या कार्डाशी जुळवायचं जे फॉस्फेट किट असतं त्यात ०.०० आणि ०.०५ मधला फरक डोळ्याला कळतच नाही. डिजिटल चेकर मिळाला तर बघा. फक्त त्यातल्या एका प्रकारात आकडा फॉस्फरसचा असतो आणि तोही पीपीबीमध्ये (अब्जात किती भाग), त्याला ३.०६६ ने गुणून १००० ने भागायचं, म्हणजे २० दिसलं की ते साधारण ०.०६ पीपीएम (दशलक्षात किती भाग) फॉस्फेट झालं.

खरोखरचं शून्य केलंत तर कोरल आधी मरतं, शेवाळ नंतर. झोआ फिके पडतात, हॅमर आक्रसतो, आणि मोकळ्या झालेल्या जागेवर डायनो (डायनोफ्लॅजेलेट नावाचे सूक्ष्मजीव) येतात, तपकिरी चिकट शेंबडासारखे, टोकाला बुडबुडे लटकलेले. ते आले की हे हिरवं परवडलं म्हणाल, मी ह्या दोन्हीतून गेलोय. मिक्स रीफला नायट्रेट ५ ते १० आणि फॉस्फेट ०.०३ ते ०.१ पीपीएमच्या आसपास असलं की मी निवांत असतो. ती लाल पावडर पण सध्या काढून ठेवा.

आता सगळ्यात महत्त्वाचं, हे नक्की आहे काय? नाव कळल्याशिवाय उपाय करू नका, कारण हिरवं म्हटलं तरी पाच प्रकारचं असतं आणि प्रत्येकाचं औषध वेगळं. एक झुबका मुळापासून उपटा, पांढऱ्या वाटीत टँकचंच पाणी घेऊन त्यात सोडा आणि भिंगातून बघा. मधे एक दांडी आणि तिच्या दोन्ही बाजूंना मोरपिसासारखे बारीक फाटे असतील तर ब्रायोप्सिस. नुसतेच केसासारखे मऊ धागे, दांडी नाही, फाटे जवळपास नाहीत, बोटात घेतलं की बुळबुळीत, तर डर्बेसिया किंवा तत्सम हेअर अल्गी. फाटे आहेत पण हाताला खरखरीत, घासणीच्या तारेसारखं, उपटताना जोर लावावा लागतो, तर क्लॅडोफोरा, आणि त्यात मायक्रोस्कोपखाली धाग्याला पेरं दिसतात, बांबूसारखी. हिरवे काचेच्या गोळ्यांसारखे फुगे असतील तर व्हॅलोनिया. जमिनीवरच्या वेलीसारखी आडवी दोरी पळतेय आणि तिच्यातून पानं वर येतायत तर कॉलर्पा.

शिवाय तीन गोष्टी सांगा. पाणी कुठलं वापरता आणि त्याचा टीडीएस (पाण्यात विरघळलेले एकूण घटक) किती. लाइट किती तास. रॉक कुठून आला, नवा की कुणाच्या जुन्या टँकमधला.

शिंपली_वेचणारी:

वरच्या सगळ्याला माझं अनुमोदन, मी फक्त उपटण्याबद्दल सांगते कारण त्यात हात बसायला मला दोन वर्षं लागली.

पाण्यात असताना ब्रशने घासू नकोस गं. आपल्याला वाटतं साफ होतंय, पण तुटलेला प्रत्येक तुकडा वेव्हमेकर घेऊन जातो आणि पलीकडे दुसऱ्या रॉकवर नेऊन लावतो. ब्रायोप्सिस असेल तर आणखी जपायचं. ते आख्खं पीस म्हणजे मधे भिंती नसलेली एकच लांबलचक पेशी असते, आणि ती चिरडली तर आतला हिरवा रस समुद्राच्या पाण्यात गोळा होऊन त्याच्याभोवती नवं आवरण धरतो आणि त्यातून परत रोप उभं राहतं. हे वाचलं तेव्हा माझा विश्वास बसला नव्हता, पण आपण घासून घासून किती वाढवलं असेल ते तेव्हा कळलं.

मी असं करते. वॉटर चेंजच्याच दिवशी करायचं, म्हणजे पाणी तसंही काढायचंच असतं. वेव्हमेकर बंद. एअरलाइनपेक्षा जरा जाड नळी, तिच्या टोकाला जुना टूथब्रश रबर बँडने असा बांधायचा की केसांच्या अगदी जवळ नळीचं तोंड येईल. सायफन सुरू करायचा आणि मग ओढायचं, तुटलेलं लगेच नळीत जातं. खाली बादलीवर बारीक जाळी धरायची, त्यात शेवाळ अडकतं. जो रॉक सुटा आहे तो सरळ बाहेर काढून काढलेल्या खाऱ्या पाण्याच्या बादलीत बसून चिमट्याने मुळापासून काढायचं, नंतर दुसऱ्या बादलीत खळबळून मग आत. रॉकच्या भोकात धरून बसलेलं मूळ दिसतं, गडद हिरवा ठिपका, तो राहिला तर रविवारचं काम बुधवारी परत.

प्राण्यांबद्दल. टर्बो आणि ट्रोकस गोगलगायी कोवळं खातात, लांब वाढलेल्याकडे ढुंकून बघत नाहीत, म्हणून आधी हाताने आखूड करून द्यायचं. टक्सीडो अर्चिन (काटेरी गोल समुद्रजीव) चांगला खातो पण सुटे फ्रॅग डोक्यावर घेऊन फिरतो, तेव्हा सगळे चिकटवून ठेव. सी हेअर (एक समुद्री गोगलगाय) हेअर अल्गीचा फडशा पाडतो हे खरं, पण ६० लिटरमध्ये शेवाळ संपलं की तो उपाशी मरतो, आणि घाबरला तर जांभळी शाई सोडतो, एवढ्याशा पाण्यात ते जड जाईल. कुणी टँग घे म्हणेल, अजिबात नको, तो मासा ह्या टँकमधे सुखाने राहूच शकत नाही, आपल्या शेवाळासाठी त्याचे हाल का. एमराल्ड क्रॅब (खेकडा) व्हॅलोनियाच्या फुग्यांसाठी, तुझ्याकडे फुगे असतील तरच.

ओंजळभर_समुद्र:

इतकं सविस्तर लिहिलंत, दोघांचेही मनापासून आभार. काल रात्री वाटीतला प्रयोग केला.

मधे दांडी आहे. खालून जाड आणि वर निमुळती होत गेलेली, आणि वरच्या अर्ध्या भागात दोन्ही बाजूंना अगदी सारख्या अंतरावर फाटे, खालचे लांब, वरचे आखूड, म्हणजे पूर्ण पीस त्रिकोणी दिसतं. मुलाच्या शाळेचं भिंग होतं त्यातून बघितलं, तोही बघत बसला. इतकं रेखीव आहे की रागच येईना. तेव्हा ब्रायोप्सिसच ना?

टीडीएस मोजला. मला वाटायचं माझं पाणी शुद्धच आहे कारण आरओ लावलाय, पण त्यापुढचं डीआयचं रेझिन (उरलेले क्षार ओढून घेणारे दाणे) मी सुरुवातीपासून बदललेलंच नाही. मीटरवर ९ आलं. लाइट ११ तास, त्यात ४ तास पांढरा फुल्ल. रॉक एका ओळखीच्यांच्या बंद झालेल्या टँकमधला, कोरडा करून ठेवलेला होता, मी नुसता खाऱ्या पाण्यात धुऊन वापरला.

प्रवाळवेडा:

ब्रायोप्सिसच, शंकाच नाही.

आणि तुमच्या तिन्ही उत्तरांत शेवाळाचं खाणं सापडलं. ९ टीडीएस म्हणजे फार वाटत नाही पण हिशेब करा. ६० लिटरच्या टँकमधून रोज साधारण पाऊण लिटर उडत असेल, म्हणजे महिन्याला २२-२३ लिटर तुम्ही वरून घालता. पाणी उडून जातं, त्यातलं जे काही आहे ते टँकमध्येच राहतं. त्यात नायट्रेट आहे, फॉस्फेट आहे, सिलिकेट आहे, आणि संपलेलं रेझिन तर आधी धरून ठेवलेलं सुद्धा परत सोडायला लागतं. रेझिन आजच बदला, मीटरवर ० आलंच पाहिजे.

रॉकचं असं की तो कॅल्शियम कार्बोनेटचा, आणि त्याला फॉस्फेट चिकटतं. जुन्या टँकमध्ये वर्षानुवर्षं पाण्यात फॉस्फेट जास्त असेल तर रॉक ते भरून घेतो, आणि तुमच्या स्वच्छ पाण्यात आला की हळूहळू परत सोडतो. तुम्ही पाण्यातलं काढलं की रॉक अजून सोडतो, असं काही महिने चालू राहतं. म्हणून एकदम झटका द्यायचा नाही, रॉकला रिकामं व्हायला वेळ द्यायचा.

लाइट ८ तासांवर आणा, पांढरा दोन तास बास, निळ्यावर कोरल आरामात राहतं. फ्रोझन खाणं देत असाल तर बारीक जाळीत धुऊन द्या, ते पाणी टँकमध्ये ओतू नका.

पण हे सगळं करूनही ब्रायोप्सिस एवढं पसरल्यावर नुसत्या उपासमारीने जाणार नाही, ते तुमच्या कोरलपेक्षा जास्त दिवस तग धरेल. त्याबद्दल उद्या नीट लिहितो.

रात्रीचं_कोरल:

मी पेरॉक्साइडवाला आहे, म्हणून मधे बोलतो. ३ टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड, जखमेला लावतात तेच. सुटा रॉक बाहेर काढायचा, वरचं वरचं उपटून टाकायचं, मग सिरिंजने थेंब थेंब थेट मुळांवर, फसफसतं, तीन-चार मिनिटं थांबायचं, कोरलच्या मांसाला लागू द्यायचं नाही, जुन्या खाऱ्या पाण्यात खळबळून परत आत. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ते पांढरं पडतं आणि गळतं. एक-दोन रॉकवर असेल तर ह्याच्यासारखा सोपा उपाय नाही.

फक्त सरळ टँकच्या पाण्यात टाकू नका. लोक ४० लिटरला १ मिली वगैरे रोज टाकतात, माझ्या मित्राचं चालून गेलं म्हणून मीही टाकलं आणि चौथ्या दिवशी सकाळी माझा क्लीनर श्रिंप रॉकखाली पडलेला होता, तीन वर्षांचा, माझ्या हातावर चढून नखं साफ करायचा. श्रिंपला ते सोसत नाही. तुमच्याकडे पण आहे म्हणून कळकळीने सांगतोय.

प्रवाळवेडा:

बाहेर काढून लावायला माझी काहीच हरकत नाही, पण ताईंचं पसरलंय सगळीकडे, मागच्या काचेवर आणि मोठ्या खालच्या रॉकवर पण, ते कसं बाहेर काढणार. म्हणून मी फ्लुकोनाझोल म्हणेन.

हे बुरशीवरचं औषध आहे, माणसाला देतात तेच, आणि रीफ टँकसाठी म्हणून वेगळं पॅकिंगही मिळतं. बुरशीच्या पेशीला आवरणासाठी एर्गोस्टेरॉल लागतं, ते हे बनू देत नाही, आणि काही हिरव्या शेवाळांतही तसलीच स्टेरॉलं असतात म्हणून तिथे लागू पडतं असं मानतात. पूर्वी ह्यासाठी मॅग्नेशियम १६०० पीपीएमच्या वर नेऊन ठेवायचे, ते पण एका विशिष्ट बाटलीनेच जमायचं, म्हणून खरा परिणाम मॅग्नेशियमचा की त्यात मिसळलेल्या दुसऱ्या कशाचा ह्यावर कायम वाद व्हायचा. ह्या औषधाने तो खटाटोप संपला.

मात्रा ५ मिलिग्रॅम प्रति लिटर. पण टँक ६० चा म्हणून ३०० टाकू नका. रॉक आणि वाळू जागा खातात, वर काठ रिकामा असतो, तुमच्याकडे खरं पाणी ४८ लिटरच्या आसपास असेल, म्हणजे २४० मिलिग्रॅम. शक्य असेल तर पुढच्या वेळी टँक भरताना मोजूनच घ्या. अर्धा लिटर टँकच्या पाण्यात पावडर चांगली दहा मिनिटं ढवळा, लवकर विरघळत नाही, मग वेव्हमेकरच्या समोर हळूहळू ओता.

आधी फिल्टरमधला कार्बन (शोषून घेणारा कोळसा) काढायचा, नाहीतर तो सगळं औषध शोषून घेतो. यूव्ही दिवा असेल तर बंद. स्किमरचा कप काढून ठेवा, नाहीतर फेस उतू जाऊन जमिनीवर येईल, पण हवा चालू राहू द्या, जमलं तर एक एअर स्टोन पण सोडा कारण शेवाळ मरायला लागलं की पाण्यातला ऑक्सिजन कमी होतो आणि ते रात्री जास्त जाणवतं. दोन आठवडे वॉटर चेंज नाही. आणि औषध टाकायच्या आधी हाताने जेवढं निघेल तेवढं काढा, हे फार महत्त्वाचं, कारण जे टँकमध्ये मरेल ते सगळं परत नायट्रेट-फॉस्फेट होऊन पाण्यात येणार आहे.

चार-पाच दिवस काहीच होत नाही. घाबरून दुसरा डोस टाकू नका. आठवड्याच्या पुढेमागे टोकं राखाडी होतात, पारदर्शक होतात, मग हलक्या हाताने ओढलं तरी सुटतं. फुग्यांवर किंवा लाल सायनोवर ह्याचा भरवसा धरू नका, सायनो तर मुळात शेवाळ नाहीच, बॅक्टेरिया आहे.

निळा_तळ:

औषध चालतं ह्यात वाद नाही, पण मला दोन गोष्टी बोलायच्यात.

एक म्हणजे कारण तसंच ठेवून औषध टाकलं तर तीन महिन्यांनी दुसरं काहीतरी त्याच जागेवर उगवतं. मोकळा रॉक आणि भरपूर खाणं, मग हेअर अल्गी, मग सायनो, आणि आपण प्रत्येकासाठी एक एक बाटली आणत बसतो. रेझिन, लाइट, धुतलेलं खाणं हे आधी महिनाभर सांभाळा, मग औषध, हा माझा क्रम. आणि तेव्हाच एखाद्या कोपऱ्यात किटोमॉर्फाचा (मुद्दाम वाढवायच्या शेवाळाचा) गोळा लाइटखाली ठेवायची सोय करा, मागच्या फिल्टरमध्ये पण मावतो, म्हणजे ते खाणं ओढायला कुणीतरी आपल्या बाजूचं असेल. औषध चालू असताना मात्र तो बाहेर वेगळ्या बादलीत.

दुसरी गोष्ट, आणि ही मला जास्त महत्त्वाची वाटते. उपटलेलं शेवाळ सिंकमध्ये किंवा कमोडमध्ये टाकू नका, आणि टँकचं काहीही खाडीत-समुद्रात सोडू नका. कॉलर्पा टॅक्सिफोलियाचं सगळ्यांनी वाचावं. भूमध्य समुद्रात मोनॅकोच्या सागरी संग्रहालयाच्या खाली १९८४ मध्ये त्याचा जेमतेम एक चौरस मीटरचा तुकडा दिसला होता, मत्स्यालयात वाढवलेलंच वाण ते, आणि नंतर ते त्या किनाऱ्यांवर हजारो हेक्टरवर पसरलं. तेच २००० साली कॅलिफोर्नियात कार्ल्सबादजवळच्या खाडीत सापडलं, तिथे लोकांनी लगेच ताडपत्र्या अंथरून खाली क्लोरीन सोडलं, आणि ते संपलं असं जाहीर करायला २००६ उजाडलं. एका टँकमधल्या मूठभर शेवाळापासून हे होऊ शकतं. मी उपटलेलं सगळं कागदावर पसरून उन्हात कडकडीत वाळवतो आणि मग कचऱ्यात टाकतो. काढलेल्या खाऱ्या पाण्याच्या बादलीत पण थोडं ब्लीच टाकून रात्रभर ठेवतो, मगच ओततो. औषधाचं पाणी असेल तर आधी टँकमध्ये दोन-तीन दिवस कार्बन चालवून औषध ओढून घ्या, मग वॉटर चेंज करा.

ओंजळभर_समुद्र:

निळा_तळ दादा, मी दर रविवारी सिंकमध्येच टाकत होते. आजपासून बंद. हे मला कुणीच कधी सांगितलं नव्हतं, फ्रॅग देणाऱ्याने पण नाही.

ठरवलंय असं. रेझिन आज बदललं, मीटरवर ०. लाइट ८ तास. खाणं रोज, धुऊन. शिंपलीताईंनी सांगितल्यासारखा नळीला ब्रश बांधून चार आठवडे नुसतं काढणार, आणि मग प्रवाळवेडा दादांनी सांगितल्याप्रमाणे औषध. सुट्या दोन रॉकवर पेरॉक्साइड बाहेर काढून. श्रिंपच्या आसपास काही जाऊ देणार नाही.

ओंजळभर_समुद्र:

साडेसात आठवड्यांनी लिहितेय.

पहिले चार आठवडे हाताने काढण्यात गेले. नळी-ब्रशने फरक पहिल्याच आठवड्यात दिसला, परत येतच होतं पण नवीन जागी येईना. वाळवलेलं शेवाळ मी एका बरणीत साठवत गेले, चार आठवड्यांत बरणी भरली, आणि तेव्हा दादांचं ते वाक्य पटलं की मूठ म्हणजेच नायट्रेट. पेरॉक्साइड लावलेले दोन्ही रॉक तिसऱ्या दिवशी पांढरे झाले आणि तसेच राहिले.

मग फ्लुकोनाझोल, २४० मिलिग्रॅम. पाचव्या दिवसापर्यंत काहीच नाही, मी दुसरा डोस टाकायच्या बेतात होते पण इथलं परत वाचलं आणि थांबले. आठव्या दिवशी टोकं राखाडी. अकराव्या दिवशी हॅमरच्या बुंध्याशी असलेला मोठा झुबका चिमट्याने धरला तर तो ओल्या कागदासारखा हातात आला, मूळसुद्धा. सोळाव्या दिवशी कार्बन सुरू केला, तीन दिवसांनी १२ लिटर पाणी बदललं. श्रिंपने मधे एकदा कात टाकली, ती रिकामी कात बघून माझ्या पोटात गोळा आला होता, पण तो मागे रॉकखाली बसलेला सापडला.

आता टेस्टमध्ये नायट्रेट १५ आणि चेकरवर फॉस्फेट ०.१८ आलंय. म्हणजे शून्यावरून इथे. हे जे मेलं त्याचंच ना? ती लाल पावडर परत टाकू का?

शिंपली_वेचणारी:

त्याचंच. आणि रॉकचं पण थोडं आहे त्यात. पावडर टाक पण डब्यावर लिहिलंय त्याच्या पाव भागच, आणि दोन-दोन दिवसांनी मोजत राहा, ०.१ च्या खाली आलं की काढून घे. एका रात्रीत उतरवलंस तर हॅमरलाच शॉक बसेल. आठवड्याला १० टक्के पाणी. किटोमॉर्फा आता आत टाकायला हरकत नाही, पण कार्बन अजून आठवडाभर राहू दे, औषधाचा अंश उरला असेल तर तो नीट वाढत नाही. मोकळ्या रॉकवर आता तपकिरी भुरकट थर येईल, बहुतेक डायटमच (सूक्ष्म शेवाळ), तेव्हा घाबरू नकोस, टर्बोंना ते आवडतं. आणि पुढचा प्रत्येक फ्रॅग प्लगवरून काढून, डिप करून (औषधी पाण्यात बुडवून), प्लग फेकून देऊनच आत.

हॅमरचं काय ते तू लिहिलंच नाहीस?

ओंजळभर_समुद्र:

अरे हो, तेच राहिलं! सातपैकी सहा डोकी पूर्ण उघडली, सातवं अजून अर्धं. परवा रात्री निळ्या लाइटमध्ये बघितलं तर त्याच्या बाजूला तांदळाच्या दाण्याएवढं आठवं निघतंय. आणि फिल्टरच्या तोंडाशी आत, जिथे हात जात नाही तिथे, एक हिरवा ठिपका दिसलाय, पिसासारखा की नुसताच हिरवा ते कळत नाहीये, उद्या फिल्टर उतरवून भिंग लावते आणि सांगते.